सतरावीचे वजन

मित्रांनो, माझ्या ताटलीवर कधी वांगी बसली नाहीत की कांदे. मी तराजू आहे, पण भाजीवाल्याचा नव्हे. मी प्रयोगशाळेतला जुना तराजू. मला एकच ताटली, तीन दांड्या आणि त्यांवर सरकणारी तीन वजने. दांडीचे टोक समोरच्या बारीक रेघेशी येऊन थांबले, की समजायचे, मी बोललो.

मला जोडले ते जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या एका बाईने. ती माझ्या ताटलीखाली शिशाचे दाणे घाली, काढी, पुन्हा घाली. असे करत तिने माझे शून्य जुळवले. मग मला खोक्यात घातले आणि लगेच शेजारच्या तराजूला हात घातला. जन्मदात्रीची आणि माझी एवढीच ओळख.

मी गेलो तो एका मोठ्या संस्थेच्या उंदीरघरात. खिडकी नसलेली लांबट खोली, लोखंडी मांडण्या आणि त्यांवर ओळीने प्लॅस्टिकचे पिंजरे. आठशे पांढरे उंदीर तिथे होते आणि त्यांचे सगळे करणारा माणूस एकच. त्यांना सगळे 'मामा' म्हणत. निळा कोट, पायात रबरी बूट. दाणे घालायचे, भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या धुवायच्या आणि दर आठवड्याला एकेका उंदराचे वजन करायचे. उंदीर उडी मारतो म्हणून मामांनी माझ्या ताटलीवर दूध पावडरचा रिकामा डबा बसवला आणि झाकणाला भोके पाडली.

मामांचे आणखी एक काम होते. प्रयोग संपला, की त्यातले उंदीर ठेवत नसत. मोठ्या मॅडम दारातूनच सांगत, "मामा, आज दहा करायचे आहेत." काय करायचे, हे अठरा वर्षांत तिथे कोणी उच्चारले नाही. 'करायचे' एवढा शब्द पुरे होता.

मामा ते करत. एका श्वासात, उंदराला कळायच्या आत. नव्या विद्यार्थ्यांना ते जमत नसे. ते काम अर्धवट करून ठेवत, उंदीर किंचाळे आणि विद्यार्थी त्याहून पांढरा पडे. मग मामा "सरका" म्हणत आणि ते संपवत. "मामांचा हात म्हणजे लोणी," असे मॅडम पाहुण्यांना सांगत. मामांना त्याचा अभिमान होता. खोटे कशाला सांगू, मलाही होता. शेवटचे वजन माझ्यावरच होई. किती उंदीर माझ्यावरून गेले, ते मात्र विचारू नका. मी वजन सांगतो, संख्या नाही.

मग लाल आकडे दाखवणारा विजेचा काटा आला. नवी सून आल्यावर सासूचे जे होते, तेच माझे झाले. मी टेबलाखाली गेलो. कचेरीने मला भंगारात काढल्याची चिठ्ठी लिहिली.

त्याच आठवड्यात मॅडमना सोळा उंदीर हवे होते आणि सतरा आले होते. मॅडमनी यादी पाहिली. "ही सतरावी जास्तीची आहे. करून टाका."

मामांनी सतरावीला उचलले. ती तीन महिन्यांची मादी. इतर उंदीर अंग चोरतात. ही मामांच्या बाहीत शिरली आणि गळ्याशी कॉलरमधून डोके काढून बाहेर आली. मामांनी तिला खाली घेतले. ती पुन्हा शिरली, पुन्हा वर आली. टेबलाखालून मला मामांचे बूट दिसत होते आणि हसणे ऐकू येत होते. त्या खोलीत मामा हसलेले मी पहिल्यांदा ऐकले. मग ते वाकले, मला बाहेर ओढले, सतरावीला माझ्या डब्यात टाकले आणि झाकण लावले.

फाटकाशी पहारेकरी होता. "काय नेताय, मामा?"

"भंगार. ही चिठ्ठी."

"डबा हलतोय की."

"तराजू आहे. हलणारच."

असे आम्ही दोघे भंगार म्हणून बाहेर पडलो.

मामांचे घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचे. मामी एका बेकरीत पाव पिशव्यांत भरायच्या कामावर जात. त्यांनी डब्याचे झाकण उघडले आणि आपटून बंद केले.

"मी घरात उंदराला सापळा लावते, आणि तुम्ही डब्यात घालून आणता?"

"जास्तीची होती गं. सतरावी."

"नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं ऐकली होती. हे सतरावं आमच्या नशिबी!"

लेक तेव्हा अकरा वर्षांची होती. तिने झाकण पुन्हा उघडले आणि मग कोणी बंद केले नाही. 'माझे बाबा' या निबंधात तिने लिहिले होते, "माझे बाबा आठशे उंदरांची काळजी घेतात." बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता. मामांनीही वाचला होता, छान आहे म्हणाले होते आणि जेवायला बसले होते.

सतरावीचे घर म्हणजे एक खोके आणि त्याला पुढे फ्रिजची जुनी जाळी. ती मामांच्या लोकरी मोज्यात झोपे. मामा कामावरून आले, की जिन्यातल्या पावलांवरूनच ती उठे आणि जाळीला नाक लावून उभी राही. मामा हात पुढे करत. बाहीतून आत, कॉलरमधून बाहेर, मग मामांच्या कानाच्या पाळीशी बसून मिशा पुसणे, असा तिचा रोजचा कार्यक्रम. मामी आधी तिला 'सतराबाई' म्हणून टोमणे मारत. पुढे रोज पावाच्या कडांची एक पुडी त्यांच्या पिशवीत 'चुकून' येऊ लागली. सतरावी त्या कडा पळवून गादीखाली लपवी. मामी ओरडत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकत.

दर रविवारी सकाळी मला ओट्यावर ठेवत. मामा वजने सरकवत, लेक वहीत लिही. दोनशे तीस ग्रॅम. दोनशे साठ. दोनशे नव्वद. माझ्यासाठी ते दिवस चांगले होते. माझ्यावरून उतरलेला उंदीर पुढच्या रविवारी पुन्हा येई, याची मला सवय नव्हती.

मित्रांनो, उंदराचे आयुष्य दोन वर्षांचे, फार तर अडीच. मामांना हे ठाऊक होते. लेकीला त्यांनी सांगितले नव्हते.

दुसरे वर्ष सरता सरता सतरावीच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. नाकाशी तांबूस ओल दिसू लागली. रविवारी ती माझ्यावर बसली तेव्हा मी जाणले, दोनशे अडुसष्ट. आणि त्याच क्षणी मामांचा अंगठा माझ्या ताटलीच्या काठावर आला. हलकासा. लेक वही उघडून समोर बसली होती. तिला अंगठा दिसला नाही.

"दोनशे अठ्ठ्याऐंशी," मामा म्हणाले.

"म्हणजे बरी होतेय ना, बाबा?"

"होईल की."

असे चार रविवार झाले. दर रविवारी सतरावी हलकी झाली आणि अंगठा जड झाला. मी ओट्यावर बसून खोटे बोलत राहिलो. दुसरे काय करणार? तराजूला जो दाबतो, तराजू त्याचा.

मग आठवड्याच्या मधेच एके दिवशी शाळेला सुट्टी आली. मामा कामावर होते. लेकीने एकटीने मला फळीवरून काढले, सतरावीला डब्यात ठेवले आणि वजने सरकवली. थांबली. पुन्हा सरकवली. तिसऱ्यांदा सतरावीला खाली घेऊन माझे शून्य तपासले आणि मग पुन्हा ठेवले.

मामा घरी आले तेव्हा ती वही घेऊन दारातच उभी होती. "बाबा, आज दोनशे चौदा आहे. रविवारी दोनशे अठ्ठ्याऐंशी होतं."

मामांनी बूट काढले. "तराजू जुना झालाय गं. भंगारातला तो."

वीस वर्षांत माझ्यावर असा आळ कोणी घेतला नव्हता.  लेकीने फडताळातून साखरेचे न फोडलेले अर्धा किलोचे पाकीट आणले आणि माझ्या डब्यात ठेवले. मी पाचशे तीन दाखवले. वरचे तीन ग्रॅम पाकिटाच्या कागदाचे.

लेकीने दांडीकडे पाहिले आणि मग बापाकडे. "उद्या डॉक्टरांकडे जायचं," ती म्हणाली.

जनावरांच्या डॉक्टरांकडचा काटा कुत्र्यांचा. त्यावर सतरावी बसली काय आणि माशी बसली काय. म्हणून लेकीने मलाही पिशवीत घेतले. बाकावर कुत्र्याला घेऊन आलेला एक माणूस म्हणाला, "उंदराला डॉक्टर? आमच्याकडे पाठवा, मांजर आहे." बाकीचे हसले. मामाही थोडे हसले. ते लेकीने पाहिले.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी छातीला नळी लावली. त्या नळीची चकती सतरावीच्या छातीहून मोठी होती. "फुप्फुसं गेली आहेत. औषधाचा उपयोग नाही. आता रोज त्रास वाढत जाणार. संपवलेलं बरं." मग त्यांनी वर पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहो, तुम्ही उंदीरघरातले मामा ना? शिकत असताना मी तुमच्याकडेच आलो होतो. माझ्या हातातला उंदीर घेऊन तुम्हीच संपवला होता, आठवतं?"

मामांनी सतरावीला उचलून घेतले.

"मग माझ्याकडे कशाला आलात? मी सुई देईन, पण एवढ्याशा जिवाला टोचायचं म्हणजे तिलाच त्रास. तुम्ही एका श्वासात करता. एका दिवसात पन्नास करताना पाहिलंय मी तुम्हाला. घरीच करा की."

डॉक्टर कौतुकानेच बोलत होते, मित्रांनो. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. लेक टेबलाची कड धरून उभी होती.  घरी परतताना ती जिन्याच्या दुसऱ्या मजल्यावर थांबली.

"म्हणजे तुम्ही त्यांची काळजी नाही घेत."

"घेतो ना. घेतोच."

"आणि?"

मामांनी कठडा धरला. "आणि करतोही."

"किती?"

मामा कठडा सोडून पुढची पायरी चढले.

त्या दिवसापासून अकरा दिवस गेले. पहिले दोन दिवस लेकच म्हणाली, कोणी हात लावायचा नाही. तिसऱ्या दिवशी सतरावी बाही चढू शकली नाही. मनगटापर्यंत गेली आणि धापा टाकत बसून राहिली. मामा म्हणाले, "उद्या बघू." चौथ्या दिवशी तिने पावाचा कण चाटला. मामा म्हणाले, "आज खाल्लं की तिनं! उद्या बघू." पाचव्या दिवशी मोज्याच्या आतून येणारा आवाज बाहेरच्या खोलीत ऐकू येऊ लागला. गंजलेली बिजागरी हलावी तसा तो आवाज.

सातव्या दिवशी लेक म्हणाली, "बाबा, करा."

आठव्या दिवशी मामी म्हणाल्या, "अहो, माझ्यानं ऐकवत नाही आता. तुम्हाला येतं ना? मग करा ना!"

मामांनी सतरावीला मांडीवर घेतले. त्यांची बोटे आपोआप जागेवर गेली. ती पकड मी ओळखतो. ती पडली, की पुढे एक श्वास. सतरावीने मान वळवली आणि हनुवटी मामांच्या त्याच बोटावर टेकवली, रोज झोपताना टेके तशी. मामांचा हात उघडला.

"नाही होत," ते म्हणाले.

मामींचा तोल गेला. "आठशेंचा काळ झालात, आणि हिच्यापुढेच हात गळाले? तिची दया येते की स्वतःची?"

मामांनी सतरावीला मोज्यात ठेवले आणि वरून दुसरा मोजा पांघरला. आवाज कमी व्हावा म्हणून.

अकरावा दिवस रविवारचा. सकाळी अकरा वाजता सतरावी मोज्यातून सरपटत बाहेर आली आणि मान ताणून, तोंड उघडून हवा ओढू लागली. हवा सगळ्या खोलीभर होती, पण तिला मिळत नव्हती. मामी उठून शेजारी गेल्या. मामा खोक्यासमोर गुडघ्यांवर बसले. तीनदा त्यांचा हात पुढे गेला आणि तीनदा मागे आला. लेक भिंतीला टेकून समोर बसली होती. ती सतरावीकडे पाहत नव्हती. ती बापाच्या हाताकडे पाहत होती.

चार वाजता आवाज थांबला.

"पाच तास," लेक म्हणाली. मग म्हणाली, "ज्यांच्यावर तुमची माया नव्हती, ते बरे मेले, बाबा."

तिने मला ओट्यावर ठेवले. सतरावीला माझ्या डब्यात ठेवले. एकशे अडुसष्ट. तिने ते लिहिले आणि वही मिटली. मामांनी पाण्याच्या टाकीमागे खुरप्याने खड्डा केला. लेक खाली उतरली नाही.

सोमवारी मामांनी रजेचा अर्ज केला. संस्थेतल्या या पुढच्या गोष्टी मामा घरी मामींना सांगत, त्या मी ऐकल्या. कारणाच्या रकान्यात लिहिले, 'घरी मृत्यू.' कारकुनाने चष्मा वर केला. "अरेरे. कोण गेलं?" मामांना खोटे बोलता आले असते. अंगठा ठेवायला तिथे ताटली नव्हती म्हणा, किंवा कंटाळले होते म्हणा. "उंदीर," ते म्हणाले. कारकून हसत सुटला, तो ठसका लागेपर्यंत. अर्ज चहाच्या वेळी या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. "मामा, मग आपल्याकडे रोजच सुट्टी हवी!" कोणीतरी म्हणाले. रजा मिळाली नाही. त्या दिवशी बारा करायचे होते.

घरी येऊन मामा माझ्या फळीखाली बसले. मामी भाजी चिरत होत्या.

"पहिल्याला लागलं गं," ते म्हणाले. "ओरडला तो. वीस वर्षांत माझ्या हातून कोणी ओरडलं नव्हतं."

मामींनी सुरी खाली ठेवली. आतल्या खोलीत लेक जागीच होती. तिने दार लोटून घेतले.

मामांनी मॅडमकडे दुसरे काम मागितले. दुसरे काम नव्हते. महिन्याभरात त्यांचा हात पुन्हा साफ झाला. मॅडम म्हणाल्या, "बघा, जमलं ना!" घरी लेक त्यांच्याशी कामापुरते बोले. किल्ली. छत्री. सही करा. खोके जाळीसकट कोपऱ्यात तसेच पडले होते. ते टाकायचे धाडस कोणी केले नाही. माझ्यावर धूळ बसली. मामी माझ्या दांड्यांवर धुतलेल्या पिशव्या वाळत घालू लागल्या. मीही बोललो नाही. मला कोणी काही विचारतच नव्हते.

पाच महिन्यांनी मॅडमना कोणीतरी सगळी हकिकत सांगितली. त्यांना वाईट वाटले. त्यांनी एक छोटे खोके मामांच्या हातात दिले. "रडताय काय, मामा? आठशे आहेत. हा घ्या एक."

मामांनी ते खोके घरी आणून लेकीसमोर ठेवले आणि लांब उभे राहिले. आत एक नर होता. धष्टपुष्ट, आणि तोऱ्यात. लेकीने बोट पुढे केले तर कचकन चावला.

"याला परत नेलं तर?" तिने बोट चोखत विचारले.

"करावं लागेल."

"आणि ठेवलं तर?"

"दोन वर्षं. फार तर अडीच." या वेळी त्यांनी सांगितले.

"मग त्याचा शेवट कोण करणार?"

मामा कोपऱ्यातल्या जुन्या खोक्याची जाळी पुसू लागले.

"बाबा, मला उत्तर हवंय. नाहीतर आत्ताच परत न्या, माझ्या देखत."

तेरा वर्षांच्या पोरीने बापाशी असे बोलू नये, असे मामींच्या तोंडावर आले होते. त्यांनी ते गिळले.

"मी करीन," मामा म्हणाले.

"कधी?"

"तोंड उघडून श्वास घ्यायला लागेल, त्या दिवशी."

"उद्या बघू म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार."

लेकीने माझ्यावरच्या पिशव्या काढल्या, ओल्या फडक्याने मला पुसले आणि माझे शून्य पाहिले. त्या दिवसापासून वजन ती एकटी करी. मामा दोन हात लांब बसत, हात मांडीवर ठेवून.

हा नर काही प्रेमळ नव्हता. बाही चढला नाही, पावलांच्या आवाजाने उठला नाही. खाई, झोपे, मामींच्या पिशवीचे बंद कुरतडे आणि चिडला की चावे. चारशे तीस ग्रॅमपर्यंत गेला. तरी त्याची माया लागलीच. माया काय गुण पाहून लागते थोडीच?

दोन वर्षे आणि वर एक महिना झाला. तीन रविवार तो उतरत गेला आणि तिन्ही रविवारी लेकीने आकडा मोठ्याने वाचला. मग एका मंगळवारी सकाळी मामा बाहेरचे नाडीचे बूट घालत असताना लेक खोक्याजवळून म्हणाली, "बाबा. तोंड उघडलंय."

मामांनी एक बूट घातला होता. तो त्यांनी काढला. ते येऊन बसले आणि नराला मांडीवर घेतले. तो चावला. मामांनी चावू दिले. मग कानामागे खाजवत राहिले, त्याचे डोळे अर्धे मिटेपर्यंत. लेक समोर उभी होती. तिने मान फिरवली नाही. एक श्वास गेला असेल. त्या खोलीत काही घडले, हेही मला कळले नाही.

"झालं," मामा म्हणाले.

 मग ते पुन्हा बूट घालायला बसले, तर नाडी बोटांत ठरेना. एकदा सुटली, दोनदा सुटली. लेक खाली बसली, त्यांचा पाय पुढे ओढून घेतला आणि नाडी बांधली. मग दुसऱ्या पायाची.

मित्रांनो, तुम्हीही कधी एखादा जीव घरी आणाल. त्याला खोके द्याल, दाणे द्याल, नाव द्याल. त्याचा शेवटचा दिवसही तुम्हालाच द्यावा लागणार आहे. तो दुसऱ्यावर टाकू नका आणि उद्यावरही टाकू नका. आपले रडणे नंतरचे. त्याला आधी सुटू द्या.